पानकोंबडी की पाणकोंबडी? पाणथळीतल्या पक्ष्यांच्या नावांविषयी

एरंडोलची शिक्षिका

नमस्कार. मी एरंडोल तालुक्यातील एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या गावाबाहेर एक जुने तळे आहे. पाऊस बरा झाला की ते माघापर्यंत भरलेले राहते. त्याच्या एका कडेला पाणकणसाची दाट बेटे आहेत आणि मधल्या भागात कमळे पसरलेली असतात. या हिवाळ्याआधी तळ्याच्या काठावर पक्ष्यांच्या नावांचा एक फलक लावावा, असे शाळेने आणि ग्रामस्थांनी मिळून ठरवले आणि नावे लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले. ते वाटले होते तितके सोपे निघाले नाही.

भाद्रपदातल्या एका सकाळी मी चौथीच्या मुलांना तळ्यावर नेले होते. कमळाच्या पानांवरून एक पक्षी लांबलचक बोटे टाकत, पान न बुडवता, या पानावरून त्या पानावर जात होता. एका मुलाने लगेच सांगितले, “बाई, ती पानकोंबडी. पानावर चालते म्हणून पानकोंबडी.” त्याला दुरुस्त करण्यासाठी मी तोंड उघडले आणि थांबले, कारण माझी आजीही हाच उच्चार करीत असे आणि लहानपणी मीही त्या शब्दाचा हाच अर्थ मनाशी धरला होता.

माझ्याजवळच्या पक्षीपुस्तकात मात्र ‘पाणकोंबडी’ असे छापले आहे आणि तेथील चित्रातला पक्षी वेगळाच, जांभळ्या-निळ्या अंगाचा व तांबड्या कपाळाचा आहे. मुलाने दाखवलेल्या पक्ष्याला ते पुस्तक ‘कमळपक्षी’ म्हणते. हे नाव मी गावात कोणाच्याही तोंडून ऐकलेले नाही. ‘वारकरी’ आणि ‘शराटी’ या नावांचीही तीच गत आहे. शराटी म्हटले की आमच्याकडे सर्वांना शेतातले सराटे आठवतात, आणि वाकड्या, टोकदार चोचीमुळे त्या पक्ष्याला काट्याचे नाव मिळाले असावे, असे माझ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे.

या नावांची मुळे जाणकारांनी उलगडून सांगावीत, आणि फलकावर पुस्तकातले नाव लिहावे की गावातले, याविषयीही आपले मत द्यावे, अशी विनंती आहे. मुले तो फलक रोज वाचणार आहेत, म्हणून चुकीचे काही लिहिले जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

भाषाभ्यासक, धुळे

ताई, आपल्या आजींचा उच्चार आणि पुस्तकातले लेखन या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. त्यांच्यातला फरक आपल्या बोलीच्या ध्वनिनियमांतून आलेला आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

मराठीतला ‘पाणी’ हा शब्द संस्कृत ‘पानीय’, म्हणजे पिण्याजोगे, यावरून आला. दोन स्वरांच्या मध्ये एकटा आलेला ‘न’ प्राकृतात ‘ण’ झाला आणि मराठीने तो जपला. ‘जन’चा ‘जण’ झाला, रानात पेटणाऱ्या ‘वनदवा’चा ‘वणवा’ झाला, तसेच ‘पानीय’चे ‘पाणी’ झाले. झाडाच्या पानाची वाट वेगळी आहे. ‘पर्ण’ या शब्दाचे प्राकृतात ‘पण्ण’ असे रूप झाले, आणि मराठीत येताना त्यातल्या जोडाक्षराचा एकेरी ‘न’ होऊन आधीचा स्वर लांबला. ‘कर्ण’चा ‘कान’ झाला तोही असाच. म्हणजे संस्कृतात पाण्याच्या शब्दात ‘न’ होता व पानाच्या शब्दात ‘ण’ होता, आणि मराठीत येईपर्यंत या दोन अक्षरांची नेमकी अदलाबदल झाली. इतका प्रवास करूनही प्रमाण मराठीत दोन्ही शब्द वेगळे राहिले.

आपल्या अहिराणीत मात्र ‘ण’ राहिला नाही. आपण ‘पानी’ म्हणतो, ‘कोन’ म्हणतो. त्यामुळे पाण्याचा ‘पान’ आणि झाडाचे ‘पान’ हे दोन्ही समासाच्या आरंभी कानाला अगदी सारखे ऐकू येतात, आणि कोंबडीसारखा एक पक्षी डोळ्यांसमोर खरोखर पानांवरून चालत असेल, तर मुलाने दुसरा कोणता अर्थ लावावा? भाषेच्या अभ्यासात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. इतिहासाच्या दृष्टीने ती खरी नसते, पण बोलणाऱ्यांनी शब्दाकडे आणि वस्तूकडे किती लक्षपूर्वक पाहिले आहे, याचा ती पुरावा असते. आपण त्या मुलाला चूक ठरवले नाही, हे फार चांगले केले.

मूळ शब्द पाण्याचा आहे, याबद्दल शंका नसावी, कारण तो एकटा नाही. पाणकावळा, पाणलावा, पाणमांजर, पाणघोडा, पाणसाप, पाणकणीस असे शब्दांचे एक मोठे कुटुंबच मराठीत आहे. जमिनीवरच्या ओळखीच्या प्राण्याचे किंवा वनस्पतीचे नाव घ्यायचे आणि त्याच्या आधी ‘पाण’ लावून पाण्यातल्या अनोळख्याला आपल्या ओळखीत आणायचे, अशी ही रीत आहे. संस्कृतातही ‘जलकुक्कुट’ आणि ‘जलकाक’ असे शब्द आहेत.

गावातली नावे गोळा करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा ‘डोया’ आणि काळ्याचा ‘काया’ होतो. म्हणून कोणी ‘बगया’ किंवा ‘पानकावया’ म्हणाले, तर ती वेगळी नावे समजू नयेत. तो बगळा आणि पाणकावळाच आहे. शराटीविषयी सवडीने लिहितो, कारण तो विषय एका परिच्छेदात मावणारा नाही.

पाणथळ निरीक्षक, भुसावळ

मी गेली अनेक वर्षे हतनूरच्या जलाशयावर, मुक्ताईनगरजवळच्या हरताळा तलावावर आणि अधूनमधून जळगावच्या मेहरूण तलावावर पक्षी पाहायला जातो. शब्दांच्या इतिहासात मी शिरत नाही. पक्ष्यांविषयी सांगतो, कारण येथे एकाच नावाखाली निदान चार-पाच पक्षी एकत्र आलेले दिसतात.

आपल्या पुस्तकातल्या चित्रातला पक्षी जांभळी पाणकोंबडी आहे. ती पाणकणसाच्या बेटांत राहते आणि कोवळे कोंब लांब बोटांत धरून खाते. तिच्या कपाळावर तांबडी ढाल असते, म्हणजे चोचीचाच मांसल भाग वर कपाळापर्यंत चढलेला असतो. पांढऱ्या छातीची पाणकोंबडी वेगळी. ती नाल्याकाठी, झुडपांच्या कडेने शेपटी उडवत चालते आणि पावसाळ्यात तिचा ‘कुवाक, कुवाक’ असा आवाज रात्रीही ऐकू येतो. कोकणात तिला कुवाकोंबडी म्हणतात, ते या आवाजावरूनच. साधी पाणकोंबडी आणखी वेगळी, काळपट, तांबड्या चोचीची, चोचीचे टोक पिवळे. या तिघी आणि वारकरी हे सगळे एकाच कुळातले पक्षी आहेत आणि त्या कुळाचा आपल्या घरच्या कोंबडीच्या कुळाशी काही संबंध नाही. पाणकावळ्याचाही कावळ्याशी नाही. लोकांनी नाव दिले ते अंगाची ठेवण आणि चाल पाहून, आणि त्यात मला काही उणे वाटत नाही.

वारकरी हे नाव कसे आले, ते पक्षी एकदा पाहिला की सांगावे लागत नाही. सगळे अंग काळेभोर, आणि चोच व कपाळ पांढरे स्वच्छ, जणू कोणी गोपीचंदनाचा ठसा उमटवला आहे. याच पांढऱ्या डागावरून त्याला ‘चांदवा’ असेही नाव आहे. हिवाळ्यात हे पक्षी शेकड्यांनी एकत्र येतात आणि पाण्यावर एकमेकांना धरून सरकत राहतात, त्यामुळे वारकरी हे नाव अधिकच शोभते. हरताळ्याच्या काठावर उभे राहून त्यांच्याकडे पाहताना मला दर वेळी जवळच्या मुक्ताईनगरची आठवण होते, कारण मुक्ताबाईंची पालखी तेथूनच पंढरपूरला निघते. लोक लांबून या पक्ष्याला बदक समजतात. फलकावर ही चूक होऊ देऊ नये. बदकाच्या बोटांना सलग पडदा असतो, तर वारकऱ्याच्या प्रत्येक बोटाला दोन्ही बाजूंनी स्वतंत्र पाळ्या असतात.

आता आपल्या विद्यार्थ्याच्या पक्ष्याविषयी. कमळपक्षी दोन प्रकारचे आहेत आणि दोन्ही आपल्याकडे आढळतात. त्या दिवशी पाहिलेल्या पक्ष्याची शेपटी, मान आणि पंख कसे होते, हे आपल्याला आठवते का?

एरंडोलची शिक्षिका

मुलांनी शाळेत आल्यावर त्याचे चित्र काढले होते, ते आत्ता समोर ठेवून लिहीत आहे. शेपटी कोयत्यासारखी वाकलेली व अंगाहूनही लांब काढली आहे, पंख पांढरे ठेवले आहेत, अंग गडद तपकिरी आहे, आणि मानेच्या मागच्या बाजूला तिघा मुलांनी स्वतंत्रपणे पिवळा खडू वापरला आहे. जवळच्या एका पानावर तपकिरी, चकचकीत अंडी होती, असेही दोघे सांगतात. मला स्वतःला ती दिसली नाहीत.

भाषाभ्यासक सरांचे उत्तर मी तीनदा वाचले. अक्षरांच्या अदलाबदलीची गोष्ट मी उद्या शिक्षकखोलीत सर्वांना सांगणार आहे.

पाणथळ निरीक्षक, भुसावळ

मग शंका नाही. तो लांब शेपटीचा कमळपक्षी आहे, आणि मुलांचे निरीक्षण माझ्या काही सोबत्यांपेक्षा चांगले आहे. ही लांब शेपटी आणि हा सोनेरी मानपट्टा त्याला केवळ विणीच्या काळात, म्हणजे पावसाळ्यात असतो. हिवाळ्यात शेपटी गळून तो साधासा दिसतो. फलकावर चित्र देणार असाल तर दोन्ही रूपे द्यावीत, नाहीतर मार्गशीर्षात मुले त्याला शोधत बसतील आणि तो समोरच असेल. दुसरा, कांस्यपंखी कमळपक्षी, काळसर मानेचा असतो, त्याच्या डोळ्यावर पांढरी भुवई असते आणि लांब शेपटी त्याला कधीच नसते.

अंड्यांविषयी मुलांनी सांगितले ते मी खरे मानतो. मादी बहुधा चार अंडी तरंगत्या पानांवर घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे काम एकटा नर करतो. म्हणून पानांवर चालणारा हा पक्षी अंड्यांजवळ घुटमळत असेल, तर तो बहुतेक नर होता. ‘कोंबडी’ म्हणताना मुलांना एवढे जरूर सांगा. हा पक्षी पाणकोंबडीच्या कुळातला नाही. तो टिटवी आणि पाणलाव्यांच्या जवळचा आहे.

तेवढ्या दिवसांत कोणी कमळे काढायला तळ्यात उतरू नये, हे ग्रामस्थांना सांगता आले तर पाहावे. पद्मालयाच्या तळ्यासारख्या जुन्या कमळतळ्यांचे मोल मला यासाठीही वाटते. पाने आहेत तोवरच हा पक्षी तेथे आहे.

तापीकाठचा

मी भोई कुटुंबातला आहे. आजोबा तापीवर आणि वडील पुढे हतनूरच्या फुगवट्यात, चांगदेवच्या बाजूला, मासेमारी करीत. मी नोकरीनिमित्त जळगावात राहतो. वरची चर्चा वाचून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

पहिली ही, की गावातल्या माणसाला पक्षी वेगळे ओळखता येत नाहीत म्हणून तो सर्वांना पानकोंबडी म्हणतो, असा समज कृपया कोणी करून घेऊ नये. माझे वडील पाण्यावरून उठलेला पक्षी पाठमोरा पाहून ओळखत. पण ज्या पक्ष्याशी आमच्या कामाचा संबंध नव्हता, त्याच्यासाठी एक ढोबळ नाव पुरत असे. पुस्तकात ज्याला वारकरी म्हटले आहे, तो आमच्या घरात नुसती ‘काळी पानकोंबडी’ होता. ज्या पक्ष्याशी संबंध होता, त्याचे नाव मात्र नेमके असे. पाणकावळे थव्याने उतरले की जाळ्याजवळचा मासा पांगतो. म्हणून मोठा पाणकावळा, लहान पाणकावळा आणि सापासारखी मान पाण्याबाहेर काढून पोहणारा तो तिसरा, ज्याला पुस्तके तिरंदाज म्हणतात, हे तिन्ही आमच्याकडे वेगवेगळे मोजले जात. तो पाण्याखाली भाल्यासारखी चोच खुपसून मासा विंधतो, हे वडिलांनी मला मासा हातात घेऊन, त्याच्या अंगावरचे भोक दाखवून शिकवले होते.

दुसरी गोष्ट अशी, की काही नावे कशी पडली हे पाण्यावर बसले तरच कळते. टिबुकली घ्या. ती एवढीशी, गोल, आणि दगड पडावा तशी ‘टिबुक’ आवाज करून बुडते, मग आपण पाहत असतो त्या जागी न निघता भलतीकडेच निघते. या नावात तिचे बुडणे ऐकू येते. ढोकरीला पुस्तकात ‘वंचक’ असे नाव पाहिले तेव्हा मला प्रथम ते आवडले नव्हते, कारण तिने आमची कधी फसवणूक केली नाही. पण वडिलांना अर्थ सांगितल्यावर ते लगेच म्हणाले की नाव बरोबर आहे. काठावर बसलेली असते तोवर ती चिखलाच्या रंगाची असते, अगदी पायाशी असली तरी दिसत नाही, आणि उडाली की एकदम पांढरीशुभ्र होते.

घोंगल्या फोडा हे नाव मात्र आमच्याही घरातले आहे. उघड्या चोचीचा हा करकोचा चोच मिटतो तेव्हाही मध्ये फट राहते, आणि त्या चोचीने तो गोगलगायीचा जीव शंखातून ओढून काढतो. तो जेथे खातो तेथे काठावर रिकाम्या शंखांचा ढीग पडलेला असतो. लहानपणी आम्ही ते खेळायला आणत असू. पुस्तकांत त्याला ‘मुग्धबलाक’ म्हणतात असे कळले. तेही नाव कानाला गोड आहे, पण तो काय करतो ते त्यातून कळत नाही. माझे मत विचाराल तर फलकावर घोंगल्या फोडा असेच मोठ्या अक्षरांत लिहावे.

चाळीसगावकर

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. शास्त्रीय नावे परकी आणि कोरडी वाटतात, म्हणून विद्यार्थी ती पाठ करतात आणि विसरतात. प्रत्यक्षात ती नावे देणाऱ्यांनीही पुष्कळदा तेच पाहिले होते जे वर भोई दादांच्या वडिलांनी पाहिले.

पाणकावळ्याचे इंग्रजी नाव कॉर्मोरंट हे लॅटिन ‘कॉर्वस मरायनस’ यावरून आले असून त्याचा अर्थ समुद्रावरचा कावळा असा आहे. तापीचा कोळी आणि युरोपच्या किनाऱ्यावरचा कोळी यांची कधी गाठ पडली नव्हती, तरी दोघांनी काळा, मोठ्या चोचीचा पक्षी पाण्यावर पाहिला आणि दोघांनाही कावळाच आठवला. जांभळ्या पाणकोंबडीच्या प्रजातीचे नाव पोर्फिरिओ, ते जांभळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून. साध्या पाणकोंबडीचे गॅलिन्युला, म्हणजे लहानशी कोंबडी. टिबुकलीचे टॅकिबॅप्टस, म्हणजे झटकन बुडी मारणारा. घोंगल्या फोड्याच्या नावातले दुसरे पद ऑसिटन्स आहे, त्याचा अर्थ जांभई देणारा. चोचीतली ती फट नाव देणाऱ्यालाही दिसली होती.

कमळपक्ष्याचे नाव मला सर्वांत आवडते. त्याच्या प्रजातीला हायड्रोफेझिअॅनस म्हणतात, म्हणजे पाण्यातला फेझंट, आणि फेझंट हा कोंबडीच्याच कुळातला लांब शेपटीचा पक्षी. म्हणजे ‘पाण’ जोडून नाव करण्याची जी रीत धुळ्याच्या सरांनी सांगितली, तीच ही ग्रीक शब्दांत केलेली आहे, आणि आपल्या चौथीतल्या विद्यार्थ्याने जी तुलना केली ती युरोपातल्या पक्षितज्ज्ञानेही केली. १७८६ मध्ये स्कोपोली यांनी दिलेले दुसरे पद ‘किरुर्गस’ आहे, त्याचा अर्थ शल्यवैद्य. या पक्ष्याच्या पंखाच्या सांध्यावर एक टोकदार काटा असतो, तो शस्त्रक्रियेच्या सुरीसारखा दिसला म्हणून हे नाव. इंग्रजीतले ‘जकाना’ हे नाव आणखी लांबून आले. ते दक्षिण अमेरिकेतल्या तुपी लोकांच्या भाषेतले असून पोर्तुगीजांच्या लेखनातून युरोपात पोहोचले. पोर्तुगीजात त्यातल्या ‘सी’ अक्षराखाली एक लहान खूण असते आणि ते अक्षर ‘स’ असे वाचायचे असते. पुढे ती खूण गळाली आणि ‘स’चा ‘क’ झाला. एका खुणेने शब्दाचा उच्चार बदलला, हे आपल्या ‘ण’ आणि ‘न’च्या गोष्टीशी जुळते म्हणून सांगितले.

ढोकरीचे शास्त्रीय नाव मात्र या रांगेत बसत नाही. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची सूची केली, तेव्हा १८३२ मध्ये या बगळ्याला ग्रे नावाच्या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाचे नाव दिले. त्या नावातून पक्ष्याविषयी काहीच समजत नाही. ‘वंचक’ आणि ‘ढोकरी’ ही दोन्ही नावे मी त्याहून श्रेष्ठ मानतो.

भाषाभ्यासक, धुळे

आता शराटी. सराट्याशी या नावाचा संबंध नाही, हे आधी सांगतो. ध्वनी जवळचा आहे, एवढेच. अमरकोशात पाणपक्ष्यांच्या नावांमध्ये ‘शरारि’, ‘आटि’ आणि ‘आडि’ ही नावे एकत्र येतात. ‘शराटि’ हे त्यातल्या पहिल्याचेच दुसरे रूप आहे, आणि मराठी पक्षीपुस्तकांतले शराटी तेथून आले आहे. म्हणजे हे नाव काठावरच्या लोकांकडून वर आलेले नाही. कोशातून काढून या वाकड्या चोचीच्या पक्ष्याला लावलेले आहे. आपल्या गावात ते कोणी बोलत नाही, याचे कारण हेच.

अमरकोश नावे देतो, पक्ष्याचे वर्णन करीत नाही. त्यामुळे जुना शरारि आणि आजचा शराटी एकच, असे मी म्हणणार नाही. उलट माझ्या मनात एक शंका आहे. सुश्रुतसंहितेत शल्यकर्माची २० शस्त्रे सांगितली आहेत. त्यांत ‘आटीमुख’ आणि ‘शरारिमुख’ अशी दोन आहेत, म्हणजे या पक्ष्यांच्या चोचींवरून नाव मिळालेली शस्त्रे. शरारिमुख म्हणजे कात्री, असे टीकाकार सांगतात. कात्रीची पाती लांब आणि सरळ असतात, तर शराटीची चोच कोयत्यासारखी खाली वळलेली असते. शस्त्रे करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एखादा सरळ, लांब चोचीचा पक्षी असावा असे मला वाटते. यंत्रांमध्ये तर सुश्रुताने ‘कंकमुख’ सर्वांत श्रेष्ठ मानले आहे, आणि कंक हाही लांब चोचीचा पाणपक्षी. चाळीसगावच्या सरांनी कमळपक्ष्याला मिळालेले शल्यवैद्याचे नाव सांगितले, तेव्हा मला हे सारे एकदम आठवले. एकीकडे शस्त्रांना पक्ष्यांची नावे दिली गेली आणि दुसरीकडे पक्ष्याला शस्त्र चालवणाऱ्याचे नाव मिळाले.

‘आटि’चे जुने रूप ‘आति’ असून ते ऋग्वेदाच्या १० व्या मंडलात, पुरूरवा आणि उर्वशी यांच्या संवादात आले आहे. तेथे अप्सरांना पाण्यावर विहरणाऱ्या या पक्ष्यांची उपमा दिली आहे.

पांढऱ्या छातीच्या पाणकोंबडीविषयी एक भर घालतो. संस्कृतात पाणकोंबडीला ‘दात्यूह’ म्हणत, आणि बंगालीत या पक्ष्याला आजही ‘डाहुक’ म्हणतात, ते त्या शब्दाचेच वंशज आहे. मराठीने तो शब्द सोडला आणि ‘पाण’ व ‘कोंबडी’ हे घरचे दोन शब्द जोडून स्वतःचे नाव केले. सारसाला मात्र आपण जुन्या नावानेच ओळखतो, आणि त्याचा अर्थही ‘सरसचा’, म्हणजे तळ्यातला, इतकाच आहे. तो पक्षी आता महाराष्ट्रात मुख्यतः गोंदियाकडेच उरला आहे, त्यामुळे आपल्या फलकावर त्याला जागा नाही, याचे वाईट वाटते.

फलकाविषयी माझे मत असे, की गावातले नाव वर मोठे आणि पुस्तकातले नाव खाली लिहावे. जेथे गावातले नाव अनेक पक्ष्यांचे आहे, तेथे त्याला एक विशेषण जोडावे, पण ते काढून टाकू नये.

एरंडोलची शिक्षिका

सर्वांची अत्यंत आभारी आहे. आपली उत्तरे मी छापून घेतली आणि काल शनिवारी, शाळा सुटल्यावर, गावातल्या तीन वयस्कर माणसांना तळ्यावर नेऊन एकेक चित्र दाखवले. दोघांनी वारकऱ्याला ‘काळी पानकोंबडी’ म्हटले, जसे तापीकाठच्या दादांनी लिहिले आहे. तिसरे गृहस्थ स्वतः माळकरी आहेत. पुस्तकातले नाव ऐकून त्यांनी चित्र हातात घेतले, कपाळावरच्या पांढऱ्या ठशावर बोट ठेवले आणि हेच नाव लिहा असा आग्रह धरला. म्हणून त्या एका पक्ष्यापुरते पुस्तकातले नाव वर जाईल.

फलकावर प्रत्येक नावाखाली नाव कशावरून पडले, हे एका ओळीत लिहायचे ठरले आहे. टिबुकलीची ओळ दादांच्या शब्दांतच घेणार आहे, त्यांची हरकत नसावी. घोंगल्या फोडा मोठ्या अक्षरांत असेल. शराटीपुढे ‘जुन्या संस्कृत कोशातले नाव’ एवढेच लिहीन, आणि सराट्याचा गैरसमज तोंडी दूर करीन. कमळपक्ष्याची दोन्ही रूपे चित्रकलेच्या बाई काढून देणार आहेत, पावसाळ्यातले शेपटीसह आणि हिवाळ्यातले शेपटीविना.

त्याच्या नावाचा निर्णय मी वर्गात मुलांवर सोपवला. पाण्याची पाणकोंबडी आणि पानावरची पानकोंबडी यांतला फरक फळ्यावर लिहून समजावला, तेव्हा ज्या मुलाने ते नाव सांगितले होते तो म्हणाला की पक्षी दोन आहेत, तर नावेही दोन ठेवावीत. जांभळीला ‘ण’ द्यावा आणि पानावरच्याला ‘न’. वर्गाने ते मान्य केले आहे. कमळपक्षी या छापील नावाखाली आमच्या फलकावर ‘आमच्या गावात: पानकोंबडी’ असे ‘न’ने लिहिलेले असेल, आणि ते छपाईची चूक समजून कोणी दुरुस्त करू नये म्हणून रंगाऱ्याला मी आधीच सांगून ठेवले आहे.